वानरी, टिटवी आणि आभाळातली चकती

एका सागाच्या जंगलात एक वानरी राहत असे. राहत असे म्हणजे नुसती राहत नसे, मिरवत असे. नदीकाठच्या अर्जुनसादड्याच्या अगदी शेंड्यावर तिची जागा होती. तिथून नदीचे दोन्ही काठ, पलीकडची टेकडी आणि खाली चरणारा चितळांचा सगळा कळप तिला दिसे. बिबट्याची नुसती चाहूल लागली तरी ती 'खक् खक्' असा आवाज काढी, आणि तो ऐकला की जो तो जीव घेऊन पळे. तिच्या नजरेच्या भरवशावर शंभर जीव निर्धास्त चरत होते. मुलांनो, एवढा विश्वास वाट्याला आला तर कोणाची मान ताठ होणार नाही? वानरीचीही झाली होती.

उन्हाळ्यात ती नदी आटे आणि अर्जुनसादड्याखालचा एकच डोह उरे. त्या डोहाची एक रीत होती. पहाटेपासून डोहाचे पाणी निवळशंख असे, पण कळप एकदा आत उतरला की खुरांनी गढूळ होई. म्हणून ज्याच्या शब्दावर जंगल हलते त्याने पहिले पाणी प्यायचे, मग बाकीच्यांनी. हा मान वर्षानुवर्षे वानरीचा होता. पोटाशी पिल्लू धरून ती झाडावरून उतरे, सगळे काठावर थांबत, आणि ती सावकाश, गरजेपेक्षा जरा जास्तच सावकाश, पाणी पिई. तेवढा वेळ शेंडा रिकामा राही. मग खाली वाळूत बसणारी टिटवी राखण करी. या टिटवीचे कोणाला फारसे काही वाटत नसे. पिवळ्या काटकुळ्या पायांचा साधा पक्षी तो. गोट्यांमध्ये अंडी घालायची आणि कुठे खुट्ट झाले की 'टिटिव-टिव' करायचे, एवढेच तिचे आयुष्य. तिला पहिले पाणी द्यावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

एके दिवशी ऊन चांगले वर आले असताना टिटवी धापा टाकत डोहापाशी आली आणि काठावरच्या सपाट कातळावर उभी राहिली. जंगलात कोणाला महत्त्वाचे काही सांगायचे असले की ते या कातळावरून सांगत. डोहात एक म्हातारे कासव होते. ते मान वर काढून ऐके आणि खोदून खोदून प्रश्न विचारी. टिटवीला कातळावर पाहून चितळे गोळा झाली, रानडुक्कर चिखलातून उठून आले, आणि वानरीही खालच्या फांदीवर येऊन बसली.

"काय पाहिलंस, टिटवीबाई?" कासवाने विचारले.

"टेकडीच्या वर आभाळात एक चकती होती, आजोबा. गोल, चकाकणारी. पंख नव्हते, आवाज नव्हता. एका जागी थांबली होती. मग सरळ वर गेली आणि दिसेनाशी झाली."

"किती वेळ थांबली?"

"पाडसाचं पोटभर दूध पिऊन होईल, इतका वेळ."

"कशाची होती? कोण होतं तिच्यात?"

"ते मला माहीत नाही. दिसलं तेवढं सांगितलं. ती कुठून आली, कशाला आली, हे मला विचारू नका."

कासवाला हे उत्तर आवडले. इतक्या वर्षांत कातळावर उभे राहून 'माहीत नाही' म्हणणारे त्याला फारसे कोणी भेटले नव्हते. त्याने मान वळवून वानरीकडे पाहिले. "वानरीबाई, तू तर सगळ्यांत उंचावर असतेस. तुला काय दिसलं?"

आता खरी गंमत पाहा. वानरीला काहीच दिसले नव्हते, कारण त्या वेळी ती आपल्या जागेवरच नव्हती. तीन झाडे पलीकडे मोहाची फुले टपटप पडत होती, आणि आपली वानरी तिथे गालफडे भरभरून खात बसली होती. जरा वेळ जागा सोडली तर काय बिघडले, असे तिला वाटले होते. पण हे कातळासमोर सांगायचे कसे? "मी शेंड्यावरच होते," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही." बोलताना तिने पिल्लाच्या अंगावरच्या उवा शोधायला सुरुवात केली, म्हणजे कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवायला नको.

कासव विचारात पडले. पण चितळांना विचार करायला कुठे सवड होती? आभाळात चकती! असे काही त्या जंगलात कधी घडलेच नव्हते. सगळे टिटवीभोवती जमले. "पुन्हा सांग ना गं, टिटवीबाई!" टिटवीने पुन्हा सांगितले, आणि पुन्हा तेवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी चितळांच्या म्हाताऱ्या नराने पाण्याशी येऊन म्हटले, "आज पहिलं पाणी टिटवीबाईला द्या. एवढं मोठं तिनं पाहिलं आणि सरळ येऊन सांगितलं." टिटवी लाजली, नको नको म्हणाली आणि शेवटी दोन थेंब प्यायली. दोनच थेंब, पण वानरीला वाटले की सगळा डोहच तिने पिऊन टाकला.

त्या दिवसापासून वानरीच्या पोटात दुखू लागले. मत्सर झाला म्हणजे असेच होते, मुलांनो, मला विचारा. समोरचा आपले काही नेत नसतो, तरी आपल्याला लुटल्यासारखे वाटते. शेंड्यावर बसून ती नदीचा काठ पाहण्याऐवजी टिटवीलाच पाहत बसे. आज तिच्याकडे कोण गेले? सशाने तिला काय विचारले? ते हसले का? मोहाची फुले तिला कडू लागू लागली. आणि सर्वांत जास्त काय डाचत होते, तर आपण जागेवर असतो तर ती चकती आपल्यालाच दिसली असती, हे! जन्मभर शेंड्यावर बसले कोण आणि पाहिले कोणी? वाळूत बसणाऱ्या एका पाखराने!

इकडे रानडुकराने आपल्या पद्धतीने गोष्ट वाढवायला घेतली होती. चकतीला चार डोळे होते असे त्याने सशाला सांगितले, आणि सशाकडून ती परत त्याच्यापर्यंत आली तेव्हा डोळे सात झाले होते. "पाहा, मी म्हणत नव्हतो?" असे म्हणून त्याने सातही डोळे खरे धरले. कासव वैतागले. त्याने सगळ्यांना कातळापाशी बोलावले आणि म्हटले, "टिटवी खोटं बोलते असं मी म्हणत नाही. पण एकटीच्या सांगण्यावर आभाळात चकत्या फिरतात, असंही धरून चालायचं नाही. वानरीबाई, तू आठ दिवस टेकडीवर नजर ठेव. तुला दिसलं तर दिसलं म्हण, नाही दिसलं तर नाही म्हण. तोवर कोणी मानू नका आणि कोणी हसूही नका."

तसे पाहिले तर कासव शहाणे. पण शहाण्याच्याही हातून चूक होते, ती अशी. ज्या वानरीचा मान या गोष्टीने जायला बसला होता, तिलाच त्याने तपासाला बसवले.

वानरीने मात्र आठ दिवस इमानाने पहारा केला, हे सांगितले पाहिजे. मोहाकडे ती फिरकलीसुद्धा नाही. तिला खात्री होती की काही दिसणार नाही. पाच दिवस काही दिसलेही नाही. सहाव्या दिवशी सकाळी पिल्लू तिच्या मांडीवर शेपटीशी खेळत होते. ऊन कोवळे होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि टेकडीच्या वर, मघापर्यंत जिथे काही नव्हते तिथे, एक गोल चकती उभी होती.

चकाकत होती. पंख नव्हते. आवाज नव्हता.

वानरीच्या अंगावरचे केस ताठ झाले. 'खक्' असा आवाज तिच्या घशापर्यंत आला. तो बाहेर पडला असता तर सगळ्या जंगलाने वर पाहिले असते. पण त्याच क्षणी तिला खाली वाळूत टिटवी दिसली. ती अंड्यांवर पंख पसरून, मान खाली घालून, त्यांना उन्हापासून जपत होती. तिला यातले काही दिसत नव्हते. वानरीच्या मनात आले, मी ओरडले की ही खरी ठरणार. उद्या सकाळी पुन्हा पहिले पाणी हिला. परवा हिला. नेहमीच हिला. तो आवाज तिने गिळून टाकला.

"आई, ते चमकतंय ते काय गं?" पिल्लाने बोट दाखवले.

"काही नाही. डोळे मीट," वानरी म्हणाली, आणि तिने आपल्या हाताने त्याचे डोळे झाकले. हात काढला तेव्हा आभाळ मोकळे होते.

ती चकती नेमकी काय होती, असे तुम्ही मला विचाराल. मला माहीत नाही. मी ती पाहिलेली नाही. पिल्लू सोडले तर ज्यांनी पाहिली त्या दोघींपैकी एकीने खरे सांगितले आणि दुसरीने काय केले ते आता ऐका.

आठव्या दिवशी सगळे डोहापाशी जमले. टिटवी कातळाजवळ उभी होती. एक पाय उचलून, दुसरा पाय उचलून, चुळबुळत होती. कासवाने विचारले, "वानरीबाई, काही दिसलं?"

"नाही," वानरी म्हणाली. "आठ दिवसांत एकदाही नाही. माझी नजर तुम्ही सगळे ओळखता." आणि एवढ्यावर ती थांबली असती तरी ठीक होते. पण टिटवीचा चेहरा उतरलेला पाहून तिला आतून अशी काही गोड उबळ आली की ती पुढे बोलतच गेली. "बिचारीला मी खोटारडी म्हणणार नाही हो! पण तुम्हीच आठवा. आभाळ कोसळेल म्हणून ही पाय वर करून झोपते, असं सगळेच म्हणतात ना? जिला आभाळाची एवढी धास्ती, तिला आभाळात काय दिसणार नाही? आज चकती दिसली, उद्या परात दिसेल."

झाले! कळपात हशा पिकला. टिटवी पाय वर करून झोपते ही जंगलातली जुनी थट्टा होती. तिला तसे झोपलेले कोणी कधी पाहिले नव्हते, पण थट्टेला साक्षीदार कोण मागतो? सात डोळे पाहणारे रानडुक्कर सर्वांत मोठ्याने हसले. चकती खरी की खोटी हे बाजूला राहिले, आणि टिटवी कशी झोपते यावरच सगळे बोलत सुटले. कासवाने हसू नका, हसू नका म्हणून पाहिले, पण त्याचे ऐकायला कोणी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी पहिले पाणी पुन्हा वानरीला मिळाले. ते तिला साखरेसारखे लागले.

पाणी पिऊन ती परतत असताना टिटवी तिच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, खरंच काही दिसलं नाही का गं तुला? एकदा जरी दिसलं असेल तर सांग. मला हल्ली माझ्याच डोळ्यांची भीती वाटते. पिलांवर लक्ष ठेवायचं ते याच डोळ्यांनी ना?"

"काळजी घेत जा हो," वानरी म्हणाली. "उन्हात फार बसू नकोस." आणि शेपटी उंच करून ती झाडावर चढली.

त्यानंतर टिटवी ओरडली की जंगल हसू लागले. कोल्हा दिसला म्हणून ती ओरडली तर सशांनी विचारले, "चकतीत बसून आला का?" नाग दिसला म्हणून ओरडली तर चितळांच्या पाडसांनी उताणे पडून पाय वर केले. टिटवीने बोलणे कमी केले, पण वानरी पाण्यावर उतरली की राखणीला उभे राहणे काही तिने सोडले नाही. हसणाऱ्यांची राखण करणे किती जड असते, ते तिलाच ठाऊक.

एके सकाळी वानरी अशीच पहिले पाणी प्यायला उतरली होती. काठावर कळप थांबला होता. पिल्लू आता जरा मोठे झाले होते. आईच्या पोटाला न लटकता ते तिच्या शेजारी उकिडवे बसून पाणी पीत होते. एवढ्यात वाळूतून टिटवी किंचाळली, "टिटिव-टिव! टिटिव-टिव! करवंदाच्या जाळीत बिबट्या! पळा!"

"आज चकती नाही वाटतं!" एक तरणे चितळ म्हणाले, आणि सगळे खिदळले. कोणी जागचे हलले नाही.

"आई, टिटवीमावशी ओरडतेय," पिल्लू म्हणाले.

वानरीने मान वर केली. पण तिने पाहिले ते टिटवीकडे, जाळीकडे नाही. आपण तिच्या जागी असतो तर काय केले असते, हे तिला पक्के ठाऊक होते. दुसऱ्याचे पहिले पाणी पाहून आपण असेच काहीतरी करून त्याला उठवले असते. म्हणून तिला वाटले, टिटवीही तेच करत असणार. "जळतेय ती," ती पिल्लाला म्हणाली. "तिला भास होतात. तू पाणी पी."

पिल्लाने आईचे ऐकले आणि तोंड पाण्याला लावले. टिटवी उडत आली, वानरीच्या डोक्यावर पंख आपटू लागली, "ऊठ गं! ऊठ!" वानरीने तिला हाताने झटकून टाकले. तेवढ्यात करवंदाची जाळी फुटली आणि पिवळेधमक धूड पिल्लावर झेपावले. टिटवी सरळ त्याच्या डोळ्यांवर गेली. त्यामुळे बिबट्याची झेप वीतभर चुकली, आणि वीतभर चुकली म्हणूनच पिल्लू जगले. वानरीने त्याला ओढून झाड गाठले. कळप उधळला. सगळे शांत झाले तेव्हा टिटवीचा एक पंख लोंबत होता, आणि पिल्लाची शेपटी मुळापासून तुटली होती.

वानराच्या पिल्लाला शेपटी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे. फांदीवरून फांदीवर झेप घेताना तोल सांभाळते ती शेपटी. ती गेली म्हणजे शेंडा गेला. ते पिल्लू आता कधीही अर्जुनसादड्याच्या शेंड्यावर बसणार नव्हते. त्याला जन्मभर खालच्या फांद्यांवर आणि जमिनीवर राहायचे होते, जिथे बिबटे असतात.

दोन दिवसांनी कासवाने सगळ्यांना कातळापाशी बोलावले. "टिटवी ओरडली तेव्हा तुम्ही का हलला नाहीत?" त्याने विचारले.

"वानरीबाई म्हणाली होती, तिला भास होतात म्हणून," चितळांचा म्हातारा नर खाली मान घालून म्हणाला.

सगळ्यांनी वानरीकडे पाहिले. ती पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याची जखम अजून ओली होती. तिने त्याला हळूच खाली ठेवले. मग उठून कातळावर आली आणि म्हणाली, "मी खोटं बोलले. पहिल्या दिवशी मी जागेवरच नव्हते, मोहाची फुलं खात होते. आणि सहाव्या दिवशी ती चकती मी पाहिली. माझ्या पोरानंही पाहिली, तर मी त्याचे डोळे झाकले. टिटवीला पहिलं पाणी मिळेल, हे मला सहन होत नव्हतं."

आता सगळे तिला क्षमा करतील आणि गोष्ट संपेल, असे वाटले ना? तसे झाले नाही. "आता बरी आठवली चकती!" रानडुक्कर म्हणाले. "पोराच्या दुःखानं बडबडतेय," हरिणी कुजबुजल्या. "पुन्हा मान हवाय तिला," कोणीतरी मागून म्हणाले. जन्मात पहिल्यांदा वानरी त्या कातळावरून पोटातले खरे बोलली होती आणि ते कोणाला खरे वाटत नव्हते.

कासव म्हणाले, "खरं असेलही, वानरीबाई. पण तुझ्या शब्दावर आता आम्ही हलायचं कसं? आणि तुला तपासाला बसवणारा मीच. माझाही शब्द आज हलका झाला."

तेव्हा मोडका पंख सावरत टिटवी पुढे आली. "ती खरं बोलतेय," ती म्हणाली.

"कशावरून?" कासवाने विचारले.

"हे बोलून तिला काही मिळणार नाही, आजोबा. आहे तेही जाणार आहे. एवढं घालवायला कोणी खोटं बोलत नाही."

मग चितळांचा म्हातारा नर म्हणाला, "टिटवीबाई म्हणते म्हणजे खरं असणार." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वानरी कातळावर तशीच उभी होती. इतके दिवस तिला एकाच गोष्टीची भीती होती, टिटवीचा शब्द आपल्या शब्दापेक्षा वजनदार ठरेल याची. आता तिचे स्वतःचे खरेसुद्धा टिटवीने सांगितले म्हणून खरे ठरले होते. त्या आधाराने तिला बरे वाटले का? नाही. तिला ते आतून टोचले, आणि पुढेही टोचत राहिले. मत्सर एका दिवसात जात नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी पहिले पाणी पीत होती, आणि बाकीचे काठावर थांबले होते. त्यांच्यात वानरीही होती, मांडीवर बिनशेपटीचे पिल्लू घेऊन. पिता पिता टिटवी एकदम दचकली आणि ओरडली, "टिटिव-टिव!" कळपाने इकडे तिकडे पाहिले. कोणी म्हणाले, काही दिसत नाही. कोणी म्हणाले, जरा थांबून पाहू. वानरीने काहीच पाहिले नाही. पिल्लाला छातीशी धरून ती सगळ्यांच्या आधी पळाली.

जाळीतून एक मुंगूस बाहेर आले. सगळे हसले. फांदीवर थरथरत बसलेली वानरी तेवढी हसली नाही.

तात्पर्य : दुसऱ्याने सांगितलेले नवल जरूर तपासावे, पण मनात मत्सर असेल तर तपासाला बसू नये. साक्षीदाराची थट्टा करून त्याचा शब्द पाडला, तर संकटाच्या वेळी तो आपल्यासाठी ओरडला तरी आपल्याला ऐकू येत नाही.